शकुनबाईच्या कडव्याची चौथी ओळ

माह्या मोठ्या जाऊबाईचं नाव शकुन. हे नाव मी आज तुमाले सांगून राहिली, पण घरात माह्या तोंडातून ते कधी निघालं नाही. आमच्याकडे मोठ्या जावेचं नाव घेत नाहीत, नुसतं 'बाई' म्हणतात. लग्न होऊन आली तवापासून मी बाईच म्हणते. हाक मारायले म्हणून एकदाच नाव घेतलं, तेही भर मांडवात, नरडं फाटेस्तोवर ओरडून. ते काहून, हेच सांगायचं आहे. पण आधी बाई कशा आहेत ते सांगू द्या, नाही तर तुमी मलेच नावं ठेवसान.

नांदगाव खंडेश्वरच्या अलीकडे आमचं गाव. विहिरीजवळचा काळ्या मातीचा तुकडा आहे, त्यात अर्धी फुलं, अर्धा भाजीपाला. माह्याकडे सांबार, म्हणजे कोथिंबीर, पालक, वांगे. बाईकडे शेवंती, झेंडू, निशिगंध. भासरे, म्हणजे माह्या नवऱ्याचे मोठे भाऊ भगवंतराव, दोन्ही माल गाडीत घालून अमरावतीच्या बाजारात नेतात. मी जुड्या बांधून झाल्या का खाटेवर आडवी होते, माहं काही लपवायसारखं नाही. बाईचं तसं नाही. बाईले एका जागी बसवत नाही. जेवताना अर्धी भाकर हातात धरून शेवंतीत एक चक्कर मारून येतीन. टीव्हीसमोर बसवलं तर हातात सुई-दोरा पाहिजे. हात रिकामे राहिले का त्या स्वतःचीच बोटं मोडत बसतात, अन् तो कट्‌कट् आवाज ऐकून माहं डोकं उठते.

अशा बाईचा जीव कुठी शांत होत असन, तर लीलाबाईच्या आवाजात. अकोल्याच्या लीलाबाई, खंजेरी भजनवाल्या. आधी कॅसेट होती, ती घासून घासून रडायले लागली. मंग मोबाइल आला. बाई तो कमरेले खोचतात अन् फुलं तोडतात. पहाटे शेवंतीच्या सरीतून खंजेरीचा ठेका येऊन राहिला का समजायचं, बाई तिकडे आहेत. मले तुमी खरं विचारान तर मले सगळी भजनं एकसारखी वाटतात. मी एकदा तसं बोलून गेली. बाई दिवसभर माह्याशी बोलल्या नाहीत. सांजच्याले म्हणाल्या, "साधना, तुले सांबाराचा वास येते का?" म्हणलं, येते. "सगळ्या जुड्यांचा एकसारखाच?" म्हणलं, नाही, गावरानी वेगळी. "मंग झालं," म्हणाल्या, अन् उठून गेल्या.

लीलाबाईची एक रीत होती. ज्या गावात जाईन, त्या गावचं एक कडवं ती तिथंच जोडायची. आधी लिहून आणलेलं नाही, मंचावर बसल्या बसल्या. कुठं गावच्या दाईवर, कुठं पाणी सोडणाऱ्या माणसावर, एका गावात तर म्हणे मंडपाचे खुंटे ठोकणाऱ्या म्हाताऱ्यावर जोडलं, अन् तो म्हातारा लेकरासारखा लाजून मंडपाबाहेर पळाला. चार ओळी असायच्या. ते कडवं तिथंच म्हणायची अन् तिथंच सोडून यायची, पुन्हा कधी म्हणायची नाही. मोबाइलवर सगळं भेटते, पण गावचं कडवं भेटत नाही. बाईले तेच पाहिजे होतं. एकदा तरी समोर बसून, कोणत्याही गावचं का असेना, कडवं जुळताना पाह्यचं. दुसरी हौस नव्हती बाईले. ना साडीची, ना सोन्याची.

आता यात अवघड काय आहे, असं तुमाले वाटन. अकोला काही विलायत नाही. पण तुमी फुलवाल्याच्या घरात राह्यले नाही. लीलाबाईचे कार्यक्रम कवा? नवरात्रात, दसऱ्याले, कोजागिरीले, दिवाळीच्या पाडव्याले. अन् फुलांचा बाजार कवा? नवरात्रात, दसऱ्याले, कोजागिरीले, पाडव्याले. लोकांचा सण असते तवा आमच्या घरी कोणाले आंघोळीलेही फुरसत नसते. एका दसऱ्याले लीलाबाई खुद्द नांदगावात आल्या. बाई झेंडूच्या ढिगात कमरेपर्यंत बसल्या होत्या, अन् येणारे-जाणारे सांगून राहिले होते का काय गायली, काय गायली. एका कोजागिरीले बाईनं जिद्दच धरली. माल लवकर उरकवला, भासऱ्यांना गाडी काढायले लावली, अन् अमरावतीत पोचल्या तर तिथं सतरंज्या झटकून राहिले होते. बाई त्या सतरंज्या झटकणाऱ्या माणसालेच विचारत बसल्या का कडवं कोणावर म्हणलं. त्याले काय ठाऊक, तो सतरंज्यावाला.

पण बाईचे हार मात्र पोचायचे. आमच्या भागात लीलाबाईचा कार्यक्रम असला का मंडळवाले हार बाईकडूनच न्यायचे. बाकीच्या पाव्हण्यांचे हार मीही ओवायची, पण लीलाबाईचा बाई स्वतः ओवायच्या. पांढरी शेवंती, मधात मधात पिवळी, खाली गुलाबाचा गोंडा. अन् मानेवर जो भाग येते, तिथं फूल घालायच्या नाहीत. तिथल्या दोऱ्याले जुन्या सुती साडीची मऊ पट्टी गुंडाळायच्या. म्हणलं, "हे कायले?" तर म्हणाल्या, "ते खंजेरी वाजवते ना वं. मान हालते. दोरा काचन." म्हणलं, "तिले काय माहीत कोणं गुंडाळली?" बाई म्हणाल्या, "मानेले माहीत होते." बाईच्या डोक्यात असं होतं का लीलाबाई तो हार घालूनच रात्रभर गाते. मीही तरी कुठी पाह्यलं होतं.

अन् या वर्षी मोबाइलवर लीलाबाईनंच सांगितलं. गळ्याले त्रास आहे, डॉक्टरनं बंद करायले लावलं, कबूल केलेले थोडे कार्यक्रम पौषापर्यंत करीन अन् मंग खंजेरी खुंटीले. बाईनं ते ऐकलं अन् मोबाइल माह्या हातात दिला. "पाय बरं, मी बरोबर ऐकलं का?" मी पाह्यलं. बरोबर ऐकलं होतं. त्या दिवशी बाईनं तोडायच्या फुलांसंगं कळ्याही तोडल्या, अन् भासरे ओरडले तरी बाईले काही कळलं नाही.

मंग नत्थुजींचा फोन आला. नत्थुजी म्हणजे चांदूर रेल्वेजवळच्या एका गावातले भजन मंडळाचे अध्यक्ष. हाराचे आमचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या गावात पौषात एका जुन्या भजनी बुवांची पुण्यतिथी होते, दिवसा कार्यक्रम अन् मंग आलू-वांग्याची भाजी, पोळी, बुंदी. लीलाबाई तिथं येणार होत्या. पौषात लग्न नाही, संक्रांत सोडली तर सण नाही, शेवंतीले कुत्रं विचारत नाही. भासऱ्यांनाही काही म्हणायले जागा नव्हती. बाई फोन ठेवून मले म्हणाल्या, "साधना, तू चाल माह्यासंगं." म्हणलं, "मी काय करू तथी?" "बस माह्याजवळ. मी उठली तर मले खाली ओढ."

हे वाक्य ध्यानात ठेवा. मले खाली ओढ म्हणाल्या होत्या.

त्या दिवशी बाई सकाळपासून अशा करून राहिल्या होत्या का जशी परीक्षा आहे. साडी बदलली, मंग तीच पुन्हा नेसल्या. हाराची टोपली एकदा गाडीत ठेवली, उतरवली, ओलं फडकं बदललं, पुन्हा ठेवली. उरलेली सुटी फुलं वेगळ्या डाल्यात घेतली. म्हणलं, "हे कायले? ऑर्डरचे हार झाले." म्हणाल्या, "असू दे." पदराले सुई टोचली. म्हणलं, "बाई, भजन ऐकायले चाललो का दुकान लावायले?" गाडीत बसल्यावर बाईनं मोबाइलवर लीलाबाई लावली, अन् लगेच बंद केली. "आज नको," म्हणाल्या, "आज खरी ऐकू." वाटेत बोटं मोडत होत्या, कट्‌कट्. मी खिडकीतून तुरीचे वावर पाहत बसली अन् दात खात बसली.

शाळेच्या पटांगणात मांडव होता. भासरे बाहेर गाडीजवळच थांबले. नत्थुजींनी हार घेतले, आमाले बायकांत पुढं जागा दिली. मंचाच्या अगदी समोर. लीलाबाई आल्या. मी मोबाइलवर पाह्यली होती त्यापेक्षा लहानखुरी निघाली. पातळ अंग, पिकलेले केस, गळ्याभोवती लोकरीचा मफलर. बाईनं माह्या मनगटाले धरलं. असं घट्ट का मी म्हणलं, "बांगड्या फुटतीन." पण सोडलं नाही.

अन् मंग सुरू झाले भाषणं. कोण कोण उठून राहिला होता, देव जाणे. एकानं बुवांची थोरवी सांगितली, दुसऱ्यानं स्वतःची सांगितली, तिसऱ्यानं दुसऱ्याचीच पुन्हा सांगितली. बाई सारख्या हालून राहिल्या होत्या. माहं डोकं तापलं. मी मोठ्यानं म्हणलं, "गायले बोलावलं का बसवायले?" पुढच्या ओळीतल्या बायका हासल्या. नत्थुजींनी माह्याकडे डोळे वटारले. वटारू दे.

मंग सत्कार. लीलाबाईच्या गळ्यात बाईचा हार पडला. बाई गुडघ्यावर उठल्या. लीलाबाईनं हात जोडले, लोकांनी टाळ्या वाजवल्या, अन् तिनं हार काढून बाजूले ठेवला. लगेच. बाई खाली बसल्या. "काढला," म्हणाल्या. मले असा राग आला, पण कोणावर काढू. म्हणलं, "बाई, सगळेच काढतात. फुलं अंगावर घेऊन कोणाले गाता येते?" इतकी वर्षं ती पट्टी गुंडाळली, अन् तो हार मानेवर एवढाच वेळ. मले बाईकडे पाहवेना. मंग मीच म्हणलं, "पण पाहा तर." कारण बाकीच्यांचे हार टेबलावर एकावर एक पडले होते, अन् लीलाबाईनं बाईचा हार तिथं ठेवला नव्हता. तिनं तो आपल्या पिशवीवर, मांडीजवळ ठेवला होता. अन् मान चोळून ती त्या पट्टीले बोटानं चाचपून पाहत होती. बाईनं ते पाह्यलं. माहं मनगट पुन्हा धरलं.

लीलाबाईनं मफलर सोडला. खंजेरी घेतली. पहिली थाप पडली, अन् झीलकरी, म्हणजे मागून साथ देणारे, सरसावून बसले. तिनं पहिली ओळ उचलली. आवाज फाटका होता, खोटं कायले बोलू. पण मले, मलेही, मानेवर काटा आला. बाईचे डोळे मिटले होते. बोटं मोडणं बंद. तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशी गाड्यांचे हॉर्न वाजले.

एक पुढारी आले होते. पत्रिकेत त्यांचं नाव नव्हतं, यायचंही ठरलेलं नव्हतं, कुठून तरी जाता जाता वळले असतीन. झालं. भजन थांबवलं. नत्थुजींची अशी धांदल उडाली का चप्पल एका पायातली राहिली तिथंच. खुर्ची आली, शाल आली, अन् हार नाही. हार तर मोजून सांगितले होते. नत्थुजींनी टेबलावरचा ढीग पाह्यला, ते हार एकमेकांखाली दबून चुरगाळले होते, अन् त्यांचा हात लीलाबाईच्या पिशवीवरच्या हाराकडे गेला.

आता असं करतात. मी खूप ठिकाणी पाह्यलं. एकाचा उतरवलेला हार दुसऱ्याले घालतात, कोणाले काही वाटत नाही. पण बाई उभ्या झाल्या. भर मांडवात, सगळ्यांसमोर, जी बाई बाजारात गिऱ्हाइकाशी घासाघीसही करत नाही ती मंचाजवळ गेली अन् म्हणाली, "तो नाही, नत्थुजी. तो त्यांचा आहे. मी दुसरा करून देते."

नत्थुजी म्हणाले, "अवं, पण टाइम कुठी आहे?"

"पाव्हण्याले चहा पाजा. मी आणते."

मी मागून धावली. पदर धरला. म्हणलं, "बाई, बसा खाली. तुमीच सांगितलं होतं ओढायले. पुढारी राह्यला बिना हाराचा तर काय मरून राहिला का तो?" बाई म्हणाल्या, "साधना, मी नाही केला तर हा तोच हार उचलन." अन् ते खरं होतं. नत्थुजींचा हात अजून तिथंच होता. माह्या हातातून पदर सुटला. मी सोडला असं म्हणत नाही, सुटला.

बाई डालं घेऊन शाळेच्या मागं गेल्या, तिकडे सावली होती. अन् आता आमच्या घरचा एक नेम सांगायले पाहिजे. सासूबाईनं घालून दिलेला. दोऱ्यात पहिलं फूल गेलं का गाठ मारल्याबिगर उठायचं नाही. अर्धा हार टाकून उठणं म्हणजे अपशकुन, असं त्यांचं. घरात कोणी दारात येऊ दे, दूध उतू जाऊ दे, गाठ मारायची अन् मंगच उठायचं. मी हा नेम पुष्कळदा मोडला आहे, सासूबाईच्या मागं. बाईनं एकदाही मोडला नाही.

इकडे पुढारी चहाले गेले अन् लाइन गेली. भोंगा बंद, माइक बंद. नत्थुजी डोक्याले हात लावून बसले. लीलाबाई म्हणाल्या, "माइक नाही तर नाही. जवळ या सगळे." बायका सरकल्या, माणसं सरकली, लेकरं तर मंचालेच चिकटली. लीलाबाईनं नत्थुजींना जवळ बोलावून विचारलं, अन् मी समोर असल्यामुळं मले ऐकू आलं, "ते बाई कोण होत्या?" नत्थुजी म्हणाले, "हारवाली आहे. नांदगावकडची. तुमचे हार नेहमी तिचेच असतात."

लीलाबाईचं बोट पट्टीवर होतं. मंग तिनं खंजेरी घेतली अन् हळूच ठेका धरला. झीलकऱ्यांनी एकमेकांकडे पाह्यलं. माह्या शेजारची बाई म्हणाली, "गावचं कडवं म्हणते आता." लीलाबाईनं उचललं:

हार घातला गळ्यात, दोरा टोचेना मानेले,
कोन्या हातानं ओवला, कोनी सांगेना ते मले;
आज हात तो पाह्यला, उभा राह्यला मांडवात…

मी भैताडासारखी तोंड वासून ऐकत होती. तिसऱ्या ओळीले माह्या डोक्यात उजेड पडला का हे बाईवर आहे. आमच्या बाईवर. अन् बाई शाळेच्या मागं एका पुढाऱ्यासाठी फुलं ओवून राहिल्या. मी उठली. 'बाई' म्हणून हाक मारली तर मांडवातल्या साऱ्या बाया वळून पाहतीन, हे तेवढ्यातही सुचलं. म्हणून मी नाव घेतलं. आयुष्यात पहिल्यांदा.

"शकुनबाई, या वो आत! शकुनबाई, या वो आत!"

माहा आवाज तुमाले माहीत नाही. मी वावरातून हाक मारली तर सडकेवरची बस थांबते. सगळा मांडव माह्याकडे वळला. लेकरं, म्हाताऱ्या, नत्थुजी, झीलकरीसुद्धा. अन् त्या कल्ल्यात लीलाबाईनं चौथी ओळ म्हणली. तिचे ओठ मले दिसले. आवाज मले आला नाही. कोणालेच आला नाही.

त्यानंतर तिले खोकला सुटला. पाणी दिलं, मफलर बांधला. तिनं हात जोडले अन् मानेनंच नाही म्हणलं. झालं होतं तिचं.

बाई धावत आल्या तवा हार हातात होता, अन् बोटाले रक्त. "काय झालं? नाव काहून घेतलं माहं? कोणाले काय झालं?" बाईले वाटलं काही इपरीत घडलं, म्हणून मी नाव घेतलं. तरी गाठ मारूनच उठल्या होत्या. घाईत सुई टोचली. मी काय सांगू? म्हणलं, "आधी तो हार देऊन या." पुढारी चहा पिऊन आले. बाईनं करून आणलेला हार नत्थुजींनी त्यांच्या गळ्यात घातला, त्यांनी फोनवर बोलता बोलताच काढून टेबलावरच्या ढिगात टाकला. मले वाटलं, जाऊन त्याच हारानं त्यांचा गळा आवळावा.

बाई माह्याजवळ येऊन बसल्या. "म्हणलं का तिनं गावचं कडवं?"

"म्हणलं."

"कोणावर?"

शेजारचीच बाई म्हणाली, "अवं, तुमच्यावरच तर म्हणलं. तुमी कुठी होत्या?"

बाईनं तिच्याकडे पाह्यलं, मंग माह्याकडे. मी मान हालवली. बाई रडल्या नाहीत. बोटं मोडायले लागल्या, पण आवाज निघेना, सगळी आधीच मोडून झाली होती. लीलाबाईले तिचे लोक गाडीकडे घेऊन चालले होते. बायका पायावर पडून राहिल्या होत्या. मी बाईले ढकललं, "जा, भेटा." बाई म्हणाल्या, "तिचा गळा दुखून राहिला वं. मी गेली तर ते बोलन." अन् गेल्या नाहीत. गाडी निघाली तवा काचेतून तो हार दिसला, पिशवीवरच होता.

घरी येताना बाई म्हणाल्या, "म्हण." मले गाता येत नाही. तरी म्हणलं, जसं जमन तसं. तीन ओळी झाल्या. "पुढं?" म्हणलं, पुढची ऐकू आली नाही. "काहून?" म्हणलं, "मी तुमाले हाका मारून राहिली होती." बाईनं खिडकीकडे तोंड केलं. मीच रडली मंग, मुसमुसून, गाडीत, भासऱ्यांसमोर. भासरे विचारून राहिले, अवं काय झालं, कोण गेलं?

तवापासून बाईले चैन पडेना. बाजारात चांदूरकडचं कोणी दिसलं का बाई विचारतीन, "तुमी होते का वो त्या दिवशी? चौथी ओळ काय होती?" एकीनं काही सांगितलं, दुसरीनं काही. जिले विचारावं ती शेवटी म्हणायची, "अवं, ते एक बाई ओरडली ना मधात, भलतीच जोरात." बाई म्हणायच्या, "हो, माहीत आहे ते." अन् मी बाजूले सांबाराच्या जुड्या मोजत असल्याचं सोंग करायची.

मीच नत्थुजींकडून लीलाबाईचा नंबर घेतला. बाईची हिंमत नव्हती. फोन मीच लावला, स्पीकरवर टाकून दोघींच्या मधात धरला. तिकडून आवाज अगदी बारीक झाला होता. मी सगळं सांगितलं. लीलाबाई हळूच हासली. "बाई, कडवं मी तिथंच ठेवून येते. मले एकही आठवत नाही. पण पट्टी आठवते. पट्टी सोडून ठेवली आहे मी, जपून." बाईनं फोनकडे पाहूनच मान हालवली, जशी काही तिकडे दिसून राहिली. फोन बंद झाल्यावर म्हणाल्या, "मंग गेलीच ते ओळ." अन् फुलं तोडायले गेल्या.

शेवटी नत्थुजींच्या मुलीनं, प्रतीक्षानं, एक व्हिडिओ पाठवला. पुढं बसून तिनं मोबाइलवर घेतला होता. बाईले सांगायच्या आधी मी एकटीनं पाह्यला, सांबाराच्या वाफ्यात बसून. माइक नव्हता म्हणून आवाज बारीक, पण पहिली ओळ येते, दुसरी येते, तिसरी येते. अन् चौथीच्या जागी मी. "शकुनबाई, या वो आत! शकुनबाई, या वो आत!" कान फाटन असा. त्याच्याखाली लीलाबाईचा आवाज आहे का, ते मी किती वेळा लावून पाह्यलं. नाही. मोबाइल विहिरीत फेकावा वाटला. पण बाईले दाखवल्याबिगर राहवेना, अन् दाखवायचीही भीती.

सकाळी शेवंतीत गेली. दव होतं. बाई खाली वाकल्या होत्या. मी मोबाइल पुढं केला अन् म्हणलं, "चौथीची आशा ठेवू नका." बाईनं टोपली खाली ठेवली. लीलाबाईच्या तोंडून तीन ओळी ऐकल्या, स्वतःवरच्या. मंग माही हाक आली. मी तोंड फिरवलं. बाईनं पुन्हा लावला. पुन्हा माही हाक. पुन्हा लावला. मी म्हणलं, "बस करा वो बाई, मले नका ऐकवू."

बाई म्हणाल्या, "थांब."

अन् गायले लागल्या. मी लग्न होऊन आली तवापासून बाईले गुणगुणताना ऐकलं, पण तोंड उघडून गाताना त्या सकाळी पहिल्यांदाच. हार घातला गळ्यात. कोन्या हातानं ओवला. आज हात तो पाह्यला, उभा राह्यला मांडवात. टोपलीवर थाप मारली, अन् थांबल्या नाहीत, त्याच चालीत पुढं गेल्या: शकुनबाई, या वो आत, शकुनबाई, या वो आत.

बरोबर बसली. चालीत कुठी अडली नाही.

"हेच आहे," बाई म्हणाल्या. "दुसरी कायले शोधू? तू एवढी ओरडली माह्यासाठी."

मी तिथंच सरीत बसली. बाई म्हणाल्या, "बसू नको, कळ्या चुरगाळतीन. मागून झील धर." मले गाता येत नाही, हे बाईले माहीत आहे. तरी धरली. बाई तीन ओळी म्हणतात, अन् चौथी माही असते. भासरे गाडी घेऊन आले, हॉर्न वाजवला, अन् आमी फुलं तोडतच होतो.